२१९ नंबरचा लाल

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात एक वाक्य दिवसभर कानावर पडत असतं : "जरा बाहेर उजेडात दाखवा हो." मग दुकानातला माणूस साडी खांद्यावर टाकून दारापर्यंत येतो. मागोमाग गिऱ्हाईक, तिची आई, झालंच तर मावशी. आतल्या दिव्यांखाली आमसुली वाटलेली साडी दारात डाळिंबी निघते आणि खरेदीचा निकाल तिथेच लागतो. ऑनलाइन विक्रीत ही सोय नाही. साडी एका गावात, गिऱ्हाईक दुसऱ्या गावात आणि दोघांच्या मध्ये फक्त एक फोटो.

असे फोटो तयार करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी बरीच वर्षं काम करते आहे. साड्या येतात, नेसवल्या जातात, फोटो निघतात, आमच्या टेबलावर त्यांची डागडुजी होते आणि ते वेबसाइटवर जातात. बाहेरच्यांना वाटतं, फोटोशॉपवाले बसून रंग चढवतात. प्रत्यक्षात आमचा निम्मा वेळ, साडीत जो रंग आहे तो वाटेत सांडू नये यातच जातो. छान दिसणारा फोटो आणि बरोबर दिसणारा फोटो यांत फरक असतो, हे या धंद्यात पहिल्यांदा शिकावं लागतं. तो शिकवणारे हे काही किस्से.

यातली पाठवणार कुठली?

पैठण्या विकणाऱ्या एका काकूंचा फोन आला. "अगं, यादीतल्या छोट्या फोटोत पैठणी दहा वेळा धुतल्यासारखी दिसते. त्यावर बोट ठेवलं की मोठा फोटो उघडतो, तो एकदम झळझळीत. गिऱ्हाइकं विचारतात, यातली पाठवणार कुठली?"

फोटो एकच, साडी एकच. मग दोन रंग आले कुठून?

डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे : लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकी ० ते २५५. मात्र नुसत्या आकड्यांवरून रंग ठरत नाही. ते कुठल्या कलर स्पेसमधले आहेत, हेही सांगावं लागतं. वेबवर सर्रास चालणारी कलर स्पेस म्हणजे एसआरजीबी. तिच्यातला सगळ्यात भडक लाल २५५, ०, ० असा लिहितात. अगदी तोच लाल ॲडोबी आरजीबी या कलर स्पेसमध्ये लिहायचा झाला, तर तो २१९, ०, ० होतो. फाइलसोबत 'हे आकडे ॲडोबी आरजीबीतले आहेत' असं सांगणारी प्रोफाइल असेल, तोवर ब्राउझर २१९ वाचूनही भडक लालच दाखवतो. प्रोफाइल गळाली की तो आकडे एसआरजीबीतले धरून चालतो आणि पडद्यावर उरतो एक मरगळलेला लाल.

काकूंच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. त्यांच्या फोटोग्राफरचा कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर होता. मोठ्या फोटोत प्रोफाइल शाबूत होती. छोटे फोटो वेबसाइट आपोआप बनवत होती आणि बनवताना जास्तीची माहिती काढून टाकत होती. तारीख, कॅमेऱ्याचं नाव, जागेची नोंद यांच्याबरोबर प्रोफाइलही जात होती. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, एसआरजीबीची नेहमीची प्रोफाइलसुद्धा तीन केबीची असते. माझा अख्खा थंबनेल पाच-सहा केबीचा. हजारो फोटोंमागे हिशोब करा." त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. त्या तीन केबीत साडीचा रंग असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडून बाहेर जाणारी प्रत्येक फाइल एसआरजीबीत बदललेली असते आणि वर तिची प्रोफाइलही जोडलेली असते. पुढे कोणी प्रोफाइल काढून टाकली, तरी ब्राउझरचा अंदाज बरोबरच निघतो.

याच प्रकरणाला एक शेपूट आहे. फोटोशॉपच्या एडिट मेन्यूत दोन पर्याय एकाखाली एक आहेत : 'असाइन प्रोफाइल' आणि 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'. पहिला आकडे तसेच ठेवून फक्त त्यांच्यावरचं नाव बदलतो. दुसरा रंग तसाच ठेवून आकडे बदलतो. त्या फाइल्स दुरुस्त करायला बसलेल्या नव्या मुलाने पहिला पर्याय वापरला. रंग अर्थातच पडले. मग त्याने सॅच्युरेशन वाढवून ते भरून काढले. लाल जवळपास जागेवर आला, पण काठाचा हिरवा सरकला आणि मॉडेलचा चेहरा उन्हात रापल्यासारखा झाला. कारण प्रत्येक रंगाचं गणित वेगळं असतं. एसआरजीबीतला शुद्ध हिरवा ०, २५५, ० असतो. तो ॲडोबी आरजीबीत १४४, २५५, ६० असा लिहावा लागतो. एकच पट्टी उजवीकडे सरकवून हे तिन्ही आकडे परत येत नाहीत.

चुकलेल्या नोंदीचं नशीब

ज्या ॲडोबी आरजीबीने काकूंना त्रास दिला, तिच्या जन्माचा किस्सा आमच्या धंद्यात चवीने सांगितला जातो.

रंगांचं भाषांतर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नीट व्हावं म्हणून १९९३ साली आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केलं. प्रोफाइल ही त्यांचीच व्यवस्था. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी त्या काळच्या सर्वसाधारण काचेच्या मॉनिटरला धरून एसआरजीबी सुचवली. १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. या दोन वर्षांच्या मध्ये ॲडोबीत फोटोशॉप ५ ची तयारी चालू होती. प्रोग्रॅममध्ये तयार कलर स्पेस द्यायच्या म्हणून प्रचलित मानकांतले आकडे गोळा केले गेले. त्यात टीव्ही क्षेत्रातलं एसएमपीटीई २४०एम हे मानक होतं. ते घालून १९९८ मध्ये फोटोशॉप ५ बाजारात आलं. वापरणारे खूश झाले, कारण त्या कलर स्पेसमध्ये रंग भरपूर मावत होते.

मग ते मानक तोंडपाठ असणाऱ्या मंडळींनी ॲडोबीला कळवलं, की तुम्ही उतरवून घेतलेले आकडे मूळ मानकाचे नाहीतच. ते त्याच्या जोडपत्रातल्या आदर्श, म्हणजे कागदावरच्या रंगांचे आहेत. खरं मानक एसआरजीबीच्या बरंच जवळचं होतं. शिवाय लाल रंगाचा आकडा उतरवताना वेगळीच चूक झाली होती. ॲडोबीने दुरुस्तीचे बरेच प्रयोग केले, पण दुरुस्त केलेली कलर स्पेस छपाईच्या रंगांत बदलताना परिणाम आणखी बिघडायचा. शेवटी चुकीचीच आवृत्ती ठेवायचं ठरलं. मानकाचं नाव तिला लावता येईना, म्हणून ती झाली ॲडोबी आरजीबी १९९८.

आज ती बहुतेक सगळ्या चांगल्या कॅमेऱ्यांच्या मेन्यूत आहे. छपाईसाठी ती उपयोगीही आहे, कारण शाईत उतरणारे काही निळे-हिरवे एसआरजीबीत मावत नाहीत. पण 'मोठी' हा शब्द ऐकला की आपल्याकडे माणूस हट्टाला पेटतो. एक शेठजी आम्हाला म्हणाले होते, "आम्हाला वेबसाइटलाही ती मोठीवालीच द्या. पैशाचं बघू नका." त्यांना समजावण्यात एक अख्खा चहा गेला.

संक्रांतीची वांगी साडी

डिसेंबर लागला की स्टुडिओत काळ्या साड्यांचा ढीग पडतो. संक्रांतीला काळं नेसायचं आणि वर हलव्याचे दागिने, त्यामुळे वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या काळ्याला तेवढ्यापुरता मान असतो. अशाच एका हंगामात बाहेरून फोटो काढून आले. सुती ब्लाउज काळाकुळकुळीत, पण त्यावरची सिंथेटिक साडी मात्र तांबूस-जांभळी. साडी शेजारी ठेवून पाहिली तर दोन्ही काळेच. शेठजी म्हणाले, "संक्रांतीला वांगी कलर कोण घेणार?"

हा खेळ आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा. कॅमेऱ्यातल्या सेन्सरला लालच्या पलीकडचा इन्फ्रारेडही कळतो. तो अडवायला सेन्सरपुढे गाळणी बसवलेली असते, पण थोडा झिरपतोच. काही सिंथेटिक काळे रंग दिसणारा सगळा उजेड गिळतात आणि इन्फ्रारेड मात्र परतवतात. त्यात फोटो काढले होते हॅलोजनखाली, आणि हॅलोजन म्हणजे इन्फ्रारेडची खाण. डोळ्याला काळं दिसणारं कापड कॅमेऱ्याला म्हणूनच तांबूस दिसलं.

यात मोठमोठे सापडले आहेत. २००६ मध्ये लायकाने एम८ हा कॅमेरा आणला. त्याच्या सेन्सरपुढची गाळणी पातळ होती. सिंथेटिक काळे कपडे जांभळट येऊ लागले, तेव्हा कंपनीने गिऱ्हाइकांना इन्फ्रारेड अडवणारे दोन-दोन फिल्टर फुकट दिले होते.

संगणकावर हे निस्तरणं म्हणजे कंबरमोड. तांबूस छटा सरसकट काढली, तर मॉडेलच्या केसांचा आणि हातावरच्या मेंदीचाही रंग जातो. त्यापेक्षा फ्लॅशवर पुन्हा फोटो काढणं स्वस्त पडतं. ते काढले आणि साडी काळी झाली.

पुढे त्याच मंडळींनी हॅलोजन काढून टाकले आणि स्वस्तातले एलईडी पॅनेल आणले. आता काळा सुधारला आणि लाल बिघडला. लग्नसराईचे शालू विटकरी येऊ लागले. पॅनेलच्या खोक्यावर तर रंग दाखवण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ८० च्या वर छापलेला होता. मेख अशी, की हा निर्देशांक आठ फिकट नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना, त्या सरासरीत तो धरलेलाच नसतो. म्हणजे नववा नापास असूनही दिवा पहिल्या वर्गात पास होऊ शकतो. शालू आणि कुंकू ज्या देशात विकायचं आहे, तिथे दिवा घेताना पहिल्यांदा या नवव्याचे गुण विचारावेत.

आता प्रत्येक साडीची पहिली फ्रेम चोवीस चौकोनांचा रंगतक्ता धरून काढायची, असा नियम आहे. हा तक्ता १९७६ पासून वापरात आहे. त्यातल्या राखाडी चौकोनांवरून पांढऱ्याचा तोल साधता येतो आणि रंगीत चौकोनांवरून दिव्याची लबाडी पकडता येते. साडी नेसवणाऱ्या ताई त्याला 'पत्त्यांचा डाव' म्हणतात. तो हातात आल्याशिवाय त्या निऱ्यांवरचा हात काढत नाहीत.

राणी कलरच्या निऱ्या गेल्या कुठे?

आमच्या टेबलावरचा सगळ्यात त्रासदायक रंग कोणता, असं विचारलं तर सगळे एका सुरात सांगतील : राणी. दुसरा नंबर मोरपंखीचा.

चांगल्या रेशमावरचा राणी रंग बऱ्याचदा एसआरजीबीत मावत नाही. मग लालचा आकडा २५५ वर जाऊन आपटतो आणि हिरव्याचा शून्यावर. साडीवरचे शेजारशेजारचे, थोडेथोडे वेगळे रंग एकाच आकड्यावर येऊन बसतात. निऱ्या गायब, घडीची सावली गायब, राहतो एक सपाट गुलाबी तुकडा. रंग भडक दिसतो म्हणून मालक खूश असतात. कापड दिसतच नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

इथे एक गंमत आहे. प्रोफाइल बदलताना फोटोशॉप विचारतं, न मावणाऱ्या रंगांचं काय करायचं? त्यात 'पर्सेप्च्युअल' नावाचा एक पर्याय आहे. तो निवडला की सगळे रंग एकमेकांतलं नातं सांभाळून आत सरकतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमच्याकडचे एक जुने सहकारी तो पर्याय निष्ठेने निवडायचे आणि "बघ, कसा मऊ आला" असं म्हणायचे. पण नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलमध्ये ते सरकवण्याचं कोष्टकच नसतं. त्यामुळे काहीही निवडा, न मावणारे रंग सरळ छाटले जातात. एकदा त्यांना दोन्ही फाइल्स एकावर एक ठेवून वजाबाकी करून दाखवली. पडदा पूर्ण काळा, म्हणजे फरक शून्य. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तरी मला मऊच वाटतो."

उपाय हातानेच करावा लागतो. एसआरजीबीत बदलण्याआधी फक्त त्या गुलाबीचा भडकपणा उतरवायचा, उजेड जरा कमी करायचा, निऱ्या परत दिसेपर्यंत. रंग मूळ साडीपेक्षा किंचित शांत होतो, पण कापड दिसतं. गिऱ्हाईक थोडा शांत रंग समजून घेतं, सपाट तुकडा नाही.

हिरव्या साडीवरच्या बारीक लाल बुट्ट्यांची तऱ्हा आणखी वेगळी. जेपीईजी फाइल लहान करताना बऱ्याचदा उजेड पूर्ण बारकाईने साठवला जातो, रंग मात्र आडवा-उभा निम्म्या बारकाईने. बहुतेक फोटोंत कळतही नाही, पण हिरव्यावर लाल बुट्टी असली की तिच्या कडा पसरतात आणि बुट्टीचा मळका डाग होतो. अशा साड्यांसाठी फाइल थोडी जड झाली तरी चालेल, पण रंगाची बारकाई कमी करायची नाही, असं आम्ही ठरवून टाकलं आहे.

रात्री साडेअकराची मंजुरी

रंग पास करण्याचा मुहूर्त गिऱ्हाइकांना नेहमी रात्रीच सापडतो. दुकान बंद झालं, जेवणं झाली, मग अंथरुणावर पडून फोटो बघायचे. साडेअकराला मेसेज येतो : "ताई, सगळेच पिवळे आलेत. निळा वाढवा."

आम्ही काहीच करत नाही. सकाळी तेच फोटो पुन्हा पाठवतो. उत्तर येतं, "आता कसे मस्त!" कारण रात्री फोन स्वतःच पिवळा झालेला असतो. आयफोनमध्ये ही सोय मार्च २०१६ मध्ये आली. आता ती बहुतेक फोनमध्ये असते आणि ठरलेल्या वेळी चालू होते. फोटो पाठवतानाच्या मेसेजमध्ये आम्ही हल्ली एक ओळ टाकतो : कृपया दिवसा बघा, नाइट मोड बंद करून. ती ओळ कोणी वाचत नाही, पण भांडणाच्या वेळी उपयोगी पडते.

आमच्या खोलीचे नियम याहून कडक. भिंती राखाडी, पडदे राखाडी, खिडकी झाकलेली. मॉनिटर मोजून घेतलेला, उजेड बेताचा. एसआरजीबी ठरवताना पडद्याचा उजेड दर चौरस मीटरला ८० कँडेला धरला होता. आजचे फोन उन्हात त्याच्या कितीतरी पट पेटतात. एकदा हळदीच्या कार्यक्रमाहून थेट कामावर आलेली एक मुलगी झेंडूच्या रंगाचा कुर्ता घालून बसली आणि तिच्या टेबलावरचे सगळे फोटो निळसर झाले. पडद्यावर कुर्त्याचा उजेड पडत होता आणि ती इमानदारीने तो पिवळा काढून टाकत होती. कपाटात तेव्हापासून एक राखाडी ॲप्रन टांगलेला आहे.

जुनी मंडळी यावर हसतात. त्यांनी याहून वाईट दिवस पाहिले आहेत. मॅकचा गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारा आकडा, पूर्वी १.८ असायचा आणि विंडोजचा २.२. त्यामुळे मॅकवर जमवलेला फोटो दुसरीकडे काळवंडायचा. २००९ मध्ये ॲपलनेही २.२ स्वीकारला, तेव्हा कुठे ते भांडण मिटलं.

धूपछावचा खरा रंग

काही साड्यांपुढे मात्र सगळी यंत्रं हात टेकतात. उभा ताणा एका रंगाचा, आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा, अशी धूपछाव पैठणी घ्या. समोरून ती जांभळी, पदर जरा कलता केला की हिरवट. एकदा विकणारे दादा आणि येवल्याचे विणकर काका दोघंही फोटोच्या वेळी हजर होते. दादा म्हणाले, "जांभळी दाखवा, जांभळी खपते." काका म्हणाले, "हिरवा दिसला नाही तर माझा बाणा कशाला घातला मी?"

मी रंगतक्ता पुढे केला. काका शांतपणे म्हणाले, "तो तुमच्या दिव्याचा रंग सांगेल. साडीचा नाही सांगणार."

बोलणं बरोबर होतं. दिवा, कापड आणि बघणाऱ्याची जागा, या तिघांपैकी एक हलला तरी धूपछावचा रंग हलतो. त्यातला दिवा तेवढा तक्ता पकडतो. शेवटी आम्ही एकाच दिव्यात, एकाच पांढऱ्या तोलाने दोन कोनांतले दोन फोटो काढले, पदर हलतानाचा छोटा व्हिडिओ जोडला आणि खाली लिहिलं : ताणा जांभळा, बाणा हिरवा. दादांनी पहिला फोटो जांभळाच लावला. काकांनी दुसरा हिरवा लागला आहे याची खात्री करूनच येवल्याची गाडी पकडली.

कौतुकाचा रकाना

साड्या परत येतात, तेव्हा सोबत कारणाची चिठ्ठी असते. आम्ही विक्रेत्यांकडून त्या मागवून घेतो. मापात फरक, डाग, उशीर आणि 'रंग चुकला', असे आमच्या वहीत रकाने आहेत. तक्रारींपेक्षा या चिठ्ठ्यांतून जास्त शिकायला मिळतं.

अलीकडे एका दुकानाने घाईत स्वतःच्या फोनवर फोटो काढून एक अबोली साडी विकायला ठेवली होती. ती नागपूरहून परत आली. चिठ्ठीत बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : साडी फोटोपेक्षा कितीतरी सुंदर आहे, पण फोटोवरून ब्लाउज आधीच शिवून घेतला होता, तो आता जुळत नाही.

दुकानाच्या मालकांनी पहिलं अर्धं वाक्य आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. आम्ही चिठ्ठी 'रंग चुकला'च्या रकान्यात लावली.